दत्तात्रय (१९९९)

उल्का देवस्थळीवर चोरीचा आळ आला तो एका मंगळवारी सकाळी, ईमेलने, आणि अतिशय गोड भाषेत. आयर्लंडमध्ये वाईट बातमीची सुरुवात 'आशा आहे की तुझं छान चाललं असेल' अशी होते, हे दहा वर्षांत तिला कळून चुकलं होतं. त्यामुळे पहिली ओळ वाचताच तिने पोह्यांखालची शेगडी बंद केली आणि खुर्ची ओढून बसली.

'लहान व्यापारी आणि किंमत' या विषयावरचा तिचा निबंध कॉलेजच्या सॉफ्टवेअरने तपासला होता. त्यातला एकतीस टक्के मजकूर तयार नोट्स पुरवणाऱ्या एका वेबसाइटशी शब्दशः जुळत होता. पुढे दोन रस्ते दिले होते. एक, आरोप मान्य करून सोबतच्या कागदावर सही करायची; मग काठावर पास होण्यापुरते गुण मिळतील आणि विषय संपेल. दोन, आरोप नाकारून समितीपुढे जायचं. तिथे हरलं तर शून्य, आणि वर्ष पुन्हा. सगळ्यात खाली समुपदेशकाचा फोन नंबर होता. माणसं मुळात दयाळू.

"म्हणजे वाङ्मयचौर्य," तिचा नवरा प्रताप म्हणाला. त्याने ईमेल दोनदा वाचली होती. तो डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि ऑफिस घराच्या खिडकीतून दिसायचं, त्यामुळे उशिराची सबब त्याला कधी मिळायची नाही.

"चांगला शब्द आहे," उल्का म्हणाली. "चोराला निदान वाङ्मयाशी तरी नेऊन बसवतो."

"पण तू कॉपी केलीस का?"

"नाही."

"मग एकतीस टक्के?"

"मला काय माहीत."

"अगं, योगायोग दोन टक्के असतो. तीन टक्के असतो. एकतीस टक्क्यांना योगायोग म्हणत नाहीत."

रेवाने सीरियलच्या वाडग्यातून मान वर केली. तिला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र ती आयुष्यभर लिफी नदीच्या काठी राहिल्यासारखं द्यायची. "आई, यू'ल बी ग्रँड. जस्ट साइन इट, लाइक."

"मी चोरी केलेली नाही, तर सही कशाची करू?"

"चोरीची नको गं करू," प्रताप बूट शोधत म्हणाला. "विषय संपल्याची कर. क्लोनडॉकिनचा विचार कर जरा."

क्लोनडॉकिनचा विचार ती दुसरं काही करत नसे तेव्हा करतच असे. तिथल्या बिझनेस पार्कमध्ये आलोक नावाच्या एका नागपूरकराचं भारतीय किराणा आयात करणारं गोदाम होतं. तिथे खरेदी विभागात एक टेबल तिच्यासाठी रिकामं होतं. सप्टेंबरला डिप्लोमाचा कागद घेऊन या आणि बसा, असं आलोक म्हणाला होता. दहा वर्षं ती या देशात 'अवलंबित' म्हणून राहत होती; सरकारी कागदावर तसा शब्दच होता. एम.कॉम.ला कॉलेजात पहिली आलेली बाई दहा वर्षं नवऱ्याच्या पगारावर अवलंबून होती, आणि त्या दहा वर्षांवर उतारा म्हणून तिने हा डिप्लोमा घेतला होता. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती ग्रीन लाइनच्या लुआस ट्रामने शहरात जायची आणि आपल्या मुलीपेक्षा जेमतेम मोठ्या पोरांबरोबर बाकावर बसायची. म्हणजे सही केली तर टेबल नक्की होतं. नाही केली तर टेबल समितीच्या हातात.

दोघं गेल्यावर तिने पोहे तसेच ठेवून ती वेबसाइट उघडली. चोरीचा माल निदान बघावा तरी.

इंग्रजीत होतं, पण मराठीत साधारण असं: 'नाशवंत माल दिवस कलला की स्वस्त होतो, असं पुस्तकं सांगतात. परंतु दत्तात्रयाकडे पाहा. उरलेले पेरू तो संध्याकाळी चिरतो, त्यांना तिखट-मीठ लावतो आणि दुपारपेक्षा महाग विकतो. दुपारी तो फळ विकतो. संध्याकाळी तो भूक विकतो.'

उल्काने ते तीनदा वाचलं. मग उठून कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि उभ्यानेच एक बिस्किट खाल्लं. ही वाक्यं तिची होती. तिने ती बाविसाव्या वर्षी, पुण्यात, कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं राहून तिखटमिठाचा पेरू खाता खाता जुळवली होती आणि वसतिगृहावर जाऊन नोट्समध्ये उतरवली होती. मग परीक्षेसाठी पाठ केली होती. प्रश्न परीक्षेत आला नाही. पण पाठ केलेलं कुठे जात नाही. ते पडून राहतं आणि सव्वीस वर्षांनी डब्लिनमध्ये निबंध लिहायला बसलं की कुणी न बोलावता, स्वल्पविरामांसकट हजर होतं.

आता हे साइटवर कसं गेलं, हे कळायला तिला फार डोकं खाजवावं लागलं नाही. पहिल्या येणाऱ्या मुलीच्या नोट्स ही तेव्हा सार्वजनिक मालमत्ता असायची. परीक्षेच्या महिनाभर आधी वर्गातला मुकुल त्या मागून न्यायचा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवायचा, आणि अख्खा वर्ग तिथून प्रती उचलायचा. मग पुढची बॅच. मग त्याच्या पुढची. प्रतीची प्रत निघता निघता पहिलं पान, ज्याच्यावर तिचं नाव होतं, ते कुठेतरी गळालं. बाकीची पानं टिकली. जगात उपयोगी पानंच टिकतात.

हे इथवर ठीक होतं. तिचा हात थबकला तो उताऱ्याच्या शीर्षकाशी. शीर्षक होतं: 'दत्तात्रय परिणाम'. आणि त्यापुढे कंसात: दत्तात्रय, १९९९.

तिला एक सवय होती. नोट्स काढताना प्रत्येक मुद्द्याशेजारी समासात तो कुणाकडून मिळाला ते ती लिहून ठेवायची, म्हणजे वाद झाला तर कुणाला विचारायचं ते कळावं. 'पोंक्षे मॅडम, १९९८.' 'लायब्ररी, लाल पुस्तक.' पेरूवाल्याच्या उताऱ्याशेजारी तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'दत्तात्रय, १९९९'. बाकी सगळ्यांसारखाच.

तिने ते नाव आणि साल शोधपेटीत टाकलं. दत्तात्रय बराच पुढे गेला होता. एका प्रबंधात तो 'भारतीय अर्थशास्त्रज्ञ' होता. दुसऱ्यात 'विकसनशील देशांतल्या किंमतशास्त्राचा एक दुर्लक्षित प्रवर्तक'. तिसऱ्यात कुणीतरी त्याला 'डी.' हे आद्याक्षर दिलं होतं, बहुधा एकटं नाव बरं दिसत नाही म्हणून. चौथ्या लेखकाचं दत्तात्रयाशी पटत नव्हतं. दत्तात्रयाने ग्रामीण बाजारपेठेकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, अशी त्याची तक्रार होती.

उल्काने सहीचा कागद डाउनलोड केला, त्यावर 'अमान्य' या चौकोनात खूण केली आणि पाठवून दिला. मग पोहे गरम केले.

*

शिवॉन क्विन ही तिची प्राध्यापक. वयाने उल्काएवढीच, केस लाल, आणि खोलीत बसायला जागा करायची तर आधी खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेवावी लागत. तिने चहा दिला. चहा देताना ती इतकी हळहळत होती की उल्कालाच तिला धीर द्यावासा वाटला.

"हे बघ, तू त्या साइटवरून उचललंस असं मला वाटतच नाही," शिवॉन म्हणाली. "तू मूळ दत्तात्रय वाचला असशील आणि संदर्भ द्यायचा राहिला. होतं असं. वाक्याच्या शेवटी कंसात दत्तात्रय, एकोणीसशे नव्याण्णव. शेवटच्या यादीत एक ओळ. मी समितीला कळवते, किरकोळ चूक होती, दुरुस्त झाली. सुनावणी रद्द. गुणही कापणार नाही."

"दत्तात्रय वाचता येत नाही," उल्का म्हणाली. "तो पेरू विकायचा."

"हो, त्याचं उदाहरण पेरूवाल्याचंच आहे."

"उदाहरण नाही. तोच पेरूवाला. आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर गाडी होती त्याची."

शिवॉनने कप खाली ठेवला. "म्हणजे अर्थशास्त्रज्ञ होण्याआधी?"

उल्काने सगळं पहिल्यापासून सांगितलं. झेरॉक्स, समास, गळालेलं पान. शिवॉन ऐकत होती, पण तिची नजर हळूहळू उल्कावरून निघून मागच्या फळीवरच्या एका निळ्या नियतकालिकावर गेली आणि तिथेच बसली.

"माझ्याही एका लेखात तो आहे," ती शेवटी म्हणाली.

"कोण?"

"दत्तात्रय."

खिडकीबाहेर पाऊस आडवा येत होता.

"मी तुझ्या बाजूने आहे," शिवॉन म्हणाली, आणि ते खरंही वाटलं. "पण समिती काय बघेल? जगभरात संदर्भ दिला जाणारा एक अभ्यासक, आणि त्याला फेरीवाला म्हणणारी एक विद्यार्थिनी. तुझं खरं असेलही. ते सिद्ध कसं करशील? ती एक ओळ घातलीस तर कुणाचंच काही बिघडत नाही."

"ओळ खोटी आहे."

"ओळीचा आकार बरोबर आहे," शिवॉन म्हणाली, आणि मग स्वतःच ऐकलं आपण काय म्हणालो ते. "विचार कर. ओके? सोमवारपर्यंत."

*

"घाल ना मग ती ओळ," प्रताप म्हणाला. "कंस, नाव, स्वल्पविराम, साल, कंस. पाच सेकंदांचं काम."

"असं पुस्तकच नाही."

"तू कुठे म्हणतेयस की पुस्तक आहे? तू फक्त नाव लिहितेयस. बाकीच्यांनी लिहिलंय. प्राध्यापकबाई स्वतः लिही म्हणतायत. फुकट पूर्ण मार्क मिळतायत आणि तुला नको आहेत. लोकांची पाककृती चोरून यूट्यूबवर टाकतात, त्यांना कोणी विचारत नाही."

"म्हणून तर अशी गत झाली."

"कसली गत?"

"एक पेरूवाला अर्थशास्त्रज्ञ झाला आणि मी चोर झाले. आता मी पण त्याला अर्थशास्त्रज्ञ म्हटलं की मी साधू होणार. प्रताप, खरं बोलले तर नापास आणि ठराविक कंसात खोटं बोलले तर पहिला वर्ग, असं आहे हे. मला पटत नाही. मी अभ्यास करायला आलेय इथे."

"तू नोकरी मिळवायला आलीयस."

"ते पण. पण त्या टेबलावर बसून मी काय करणार आहे? माल कुठून आला ते तपासणार आहे. आलोक पगार त्याचाच देणार आहे."

प्रतापने भांडी घासायला घेतली. घासता घासता तो म्हणाला, "हरलीस तर?"

"तर वर्षभर पुन्हा लुआस."

"आलोक वर्षभर थांबणार नाही."

"माहीत आहे मला."

रेवा कोचावर आडवी होती. "आई, दॅट्स काइंड ऑफ क्लास, टु बी फेअर," ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली. हे कौतुक होतं. घरात ते इतकं क्वचित ऐकू यायचं की उल्काला खात्री करून घ्यावीशी वाटली, पण विचारलं तर परत घेतलं जाईल म्हणून ती मुकुलचा नंबर शोधायला उठली.

नंबर मिळवायला कष्ट पडले नाहीत. साइट मुकुलचीच होती. वेबसाइटच्या प्रत्येक पानावर तो होता, शेजारी त्याचा हसरा फोटो. 'मुकुल सर. कॉमर्स म्हणजे मुकुल.'

"उल्का? अगं कुठेस तू? लंडनला ना?"

"डब्लिनला. मुकुल, तुझ्या साइटवर माझ्या नोट्स आहेत."

"तुझ्याच आहेत," मुकुल ताबडतोब म्हणाला. त्याला कसलाही संकोच वाटलेला दिसला नाही. "मी बायकोला नेहमी सांगतो, उल्काच्या नोट्सवर आपला फ्लॅट उभा आहे. टायपिस्टकडून टाइप करून घेतल्या सगळ्या. काय अक्षर होतं गं तुझं."

"आणि समासातली नावं?"

"ती तर मी मुद्दाम ठेवली. कंसात नाव आणि साल असलं ना, की पोरांना वाटतं, वा, काहीतरी भारी वाचतोय आपण. पालकांना तर फारच आवडतं."

"दत्तात्रय पेरूवाला होता, मुकुल."

"मला काय सांगतेस, माझी उधारी होती त्याच्याकडे."

"तर हे तू इथल्या कॉलेजच्या समितीपुढे सांगायचंस. पुढच्या गुरुवारी, व्हिडिओवर."

मग मुकुलचा आवाज आला, क्लासमधल्या फीच्या बोलण्यासारखा मऊ. "उल्का, 'दत्तात्रय परिणाम, पाच मिनिटांत' हा आपला सगळ्यात चालणारा व्हिडिओ आहे. केनियातून बघतात गं. आणि तू म्हणतेस, मी सांगू की तो पेरू—"

"सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी तिकीट काढून येईन आणि तुझ्या क्लासच्या दारात खुर्ची टाकून बसेन. येणाऱ्या प्रत्येक आईला सांगेन की नोट्स माझ्या आहेत, आणि पुढे काय आहे ते मला तोंडपाठ आहे. फी मी घेणार नाही."

मुकुल विचारात पडला. त्याने उल्काला कॉलेजात पाहिलेलं होतं. ही बाई खुर्ची टाकते म्हणजे टाकते, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय तो धंदेवाईक माणूस होता, आणि धंदेवाईक माणूस संकटाकडे फार वेळ संकट म्हणून बघत नाही.

"समितीचा फोटो काढू देतील का?" त्याने विचारलं. "'आयर्लंडच्या कॉलेजात मुकुल सरांची साक्ष.' चांगलं दिसेल बॅनरवर."

*

समितीत तीन जण होते. मधोमध अध्यक्ष, उंच, हडकुळा, विज्ञानाचा माणूस. एका बाजूला परीक्षा विभागातल्या बाई. दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी, जो पूर्ण वेळ मान डोलावत होता. शिवॉन साक्षीदारांच्या खुर्चीवर होती आणि तिने ते निळं नियतकालिक मांडीवर उलटं धरलेलं होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर मुकुल होता. टाय लावलेला, मागे 'कॉमर्स म्हणजे मुकुल'. त्याने सगळं सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं, आणि मधेच एकदा क्लासच्या नव्या शाखेचा उल्लेख केला. अध्यक्षांनी ते शांतपणे टिपून घेतलं.

"अडचण अशी आहे," परीक्षेच्या बाई म्हणाल्या, "की हे तुमचे मित्र आहेत. आणि दत्तात्रयांचा संदर्भ अनेक नावाजलेल्या अभ्यासकांनी दिलेला आहे."

उल्काने या क्षणाची तयारी केली होती. तिने आठवडाभर ती साइट पानापानाने वाचून काढली होती.

"कृपया त्याच साइटवरचं सातवं प्रकरण उघडा," ती म्हणाली. "खाली संदर्भ बघा. तिसरा."

विद्यार्थी प्रतिनिधीने लॅपटॉपवर ते उघडून मोठ्याने वाचलं. "पोंक्षे आणि मॅडम, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."

"पोंक्षे मॅडम एकच आहेत," उल्का म्हणाली. "त्या आम्हाला ऑडिटिंग शिकवायच्या. माझ्या समासात 'पोंक्षे मॅडम' होतं. टायपिस्टला वाटलं, दोन लेखक आहेत. त्याच्याखाली बघा, 'लाल, पी.' ते लायब्ररीतलं लाल पुस्तक आहे. त्याच्या खाली 'मेस'. तो मुद्दा मला मेसमध्ये जेवताना कुणीतरी सांगितला होता. मेस हे जर्मन आडनाव असावं, असं एका लेखात लिहिलेलं आहे. मी आणलाय तो लेख."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि अगदी साधा प्रश्न विचारला.

"इथे कुणी दत्तात्रय वाचलाय का?"

परीक्षेच्या बाईंनी समोरचे कागद चाळले. पडद्यावर मुकुलने टाय सरळ केला. रस्त्यावरून बस गेली.

"मी," शिवॉन म्हणाली, आणि सगळे वळले. "मी त्याचा संदर्भ देणाऱ्यांना वाचलंय." तिने मांडीवरचं नियतकालिक सरळ केलं. "एकोणतिसावं पान. मी लिहिलंय, 'दत्तात्रयाने खात्रीशीर दाखवून दिल्याप्रमाणे'."

"आणि त्यांनी दाखवून दिलं होतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"रोज संध्याकाळी," उल्का म्हणाली.

समितीने वीस-एक मिनिटं दार लावून घेतलं. उल्का बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिला क्लोनडॉकिनचं टेबल दिसत होतं, त्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी मग होता. तिने तो मग मनातल्या मनात उचलला आणि बाजूला ठेवला.

निर्णय अध्यक्षांनीच सांगितला. वेबसाइटवरून चोरी केल्याचा आरोप मागे. स्वतःचं जुनं काम पुन्हा वापरल्याचा आरोप लागू होत नाही, कारण त्यासाठी तिला पूर्वी गुण मिळालेले नव्हते. परीक्षेत प्रश्न आला नव्हता, हे पहिल्यांदाच कुणाच्या फायद्याचं ठरलं. "पण," ते म्हणाले, "निरीक्षण दुसऱ्याचं आहे. तुमच्या निबंधात त्याचा उल्लेख नाही. तेव्हा संदर्भ द्यावाच लागेल. पुस्तक नसेल तर व्यक्तीशी झालेल्या प्रत्यक्ष संभाषणाचा देता येतो. त्यासाठी पूर्ण नाव लागतं आणि त्या व्यक्तीची संमती. पुढच्या शुक्रवारपर्यंत. नाही मिळालं, तर निबंध नापास धरावा लागेल. आय ॲम सॉरी."

उल्काने मान डोलावली. दत्तात्रयाचं आडनाव तिने कधी विचारलंच नव्हतं.

*

मुकुल स्कूटरवरून कॉलेजच्या फाटकाशी गेला, फोन हातात धरून. डब्लिनमध्ये दुपार होती, तिकडे दिवे लागत होते. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग मुकुलची हनुवटी, मग एक हातगाडी.

"गाडी आहे गं," मुकुल म्हणाला. "तो नाहीये. मावशी आहेत."

गाडीमागे एक बाई बसली होती. पासष्टीची, नऊवारी नव्हे, साधं सुती पातळ, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. ती पेरू चिरत होती आणि फोनकडे बघायला तिला सवड नव्हती.

"मावशी, दत्तात्रय कुठायत?" उल्काने विचारलं.

"घरी. गुडघं गेलं त्यांचं. कोण तुम्ही?"

"मी इथे कॉलेजात होते. तुमच्याकडचा पेरू खायचे."

"समदं कालेज खायचं. पैशे देनारं थोडं." तिची नजर मुकुलकडे गेली आणि क्षणभर तिथेच राहिली. मुकुलने फोन दुसऱ्या हातात घेतला.

उल्काने शक्य तितकं सोपं करून सांगितलं. परदेशातलं कॉलेज, निबंध, संध्याकाळी पेरू महाग विकायची दत्तात्रयांची युक्ती. त्यांचं पूर्ण नाव हवं, आणि ते छापायला त्यांची हरकत नाही ना, एवढं विचारायचं होतं.

"त्यांची कसली युक्ती?" बाई म्हणाली. सुरी थांबली नाही. "त्ये तर पाच वाजलं की म्हनायचे, चल, निम्म्यानं दे आन् घरी जाऊ. म्या म्हनलं, निम्म्यानं न्हाई, दुप्पट. कापून, मीठ लावून. पोरांला त्या टायमाला भूक लागती. त्ये नुसतं पैशे घ्यायचे. त्यांला सुरी धरता येती व्हय?"

बाविसाव्या वर्षी उल्का त्या गाडीपुढे कितीतरी संध्याकाळी उभी राहिली होती. पैसे घेणारा माणूस तिला लख्ख आठवत होता. त्याचं हसू, कानातलं तुळशीचं पान, सगळं. मागे खाली बसून चिरणारं कुणीतरी होतं. हात आठवत होते. 'तो चिरतो,' असं तिने लिहिलं होतं, आणि ती वर्गात पहिली आली होती.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"माजं कशाला?"

"छापायला."

"माजं नाव छापून काय हुतं?"

"काही होत नाही," उल्का म्हणाली. "नाही छापलं की होतं. माझं नव्हतं छापलं, तर बघा मी कुठवर येऊन बसलेय. आणि तुमचं नव्हतं तर तुमचे मालक अर्थशास्त्रज्ञ झालेत. परदेशात त्यांच्यावर टीका करतात लोक."

बाई पहिल्यांदाच हसली. "करू द्या. घरी म्या करतीच." तिने सुरी पदराला पुसली. "शारदा लिवा. शारदा दत्तात्रय कुंजीर. आन् त्या फोनवाल्या सायेबांला म्हनावं, एवढ्या लांबून आल्यात तर येक घ्या."

मुकुलने एक घेतला. पैसेही दिले, जुन्या उधारीसकट, आणि नंतर क्लासच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला.

उल्काने निबंध दुरुस्त केला. 'तो' खोडून 'ती' केलं. दत्तात्रयाचं नाव काढून टाकलं. संदर्भसूचीत दोन ओळी घातल्या, एक तिच्या स्वतःच्या अप्रकाशित नोट्सची आणि एक अशी: कुंजीर, शारदा दत्तात्रय, फळविक्रेत्या, पुणे, लेखिकेशी संभाषण. प्रतापने ते वाचलं आणि फक्त एक स्वल्पविराम हलवला. गुरुवारी तिने निबंध पाठवला.

गुण यायला आठवडा लागला. अठ्ठावन्न. परीक्षकाचा शेरा होता: 'युक्तिवाद उत्तम. मुख्य स्रोत विद्वत्तापूर्ण स्वरूपाचा नसल्याने गुण कमी केले आहेत.' प्रताप भडकला, अपील कर म्हणाला. उल्काने तो शेरा दोनदा वाचला आणि तिला त्यात काही चूक दिसली नाही. डिप्लोमाला पन्नास लागत होते. तिने आलोकला मेसेज केला की सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येते, आणि गोदामातला माल कुठून येतो त्याची कागदपत्रं आधीच काढून ठेवा.

त्याच दुपारी शिवॉनची ईमेल आली. आशा आहे तुझं छान चाललं असेल. नियतकालिकाला मी दुरुस्ती पाठवते आहे. ते म्हणतात, दत्तात्रयाचं नाव इतक्या ठिकाणी रूढ झालंय की आता बदललं तर वाचकांचा गोंधळ होईल. मी पाठवणारच आहे. पण पाठवण्याआधी मी स्वतः शारदाबाईंशी बोलायला हवं, नाही का? त्यांचा नंबर देशील?

उल्काने मुकुलकडून मिळवलेला नंबर दिला. त्यांना इंग्रजी येत नाही, मी मधे बोलेन, असं लिहिलं. आणि खाली एक ओळ जोडली, की आपल्या दुपारी बाराच्या आत फोन कर. त्यानंतर तिकडे संध्याकाळ होते आणि बाईंना बोलायला वेळ नसतो.